काजू: मोहोर भरपूर, बिया टिकत नाहीत, शिवाय बी फोडणे आणि बोंडूचा तुरटपणा

रानवाट (प्रश्न)

काजूचं एकच झाड आहे, बीपासून वाढलेलं, वय सहा वर्षांच्या पुढे. दिवसभर ऊन मिळतं, मुळाशी पाणी साचत नाही. अडचणी अशा:

१. मोहोर झाडभर येतो, पण एका तुऱ्यावर जेमतेम एक-दोन बिया टिकतात. काही तुरे जागोजागी तपकिरी होऊन वाळतात. कोवळ्या बियांवर काळे, खोलगट डाग दिसतात आणि त्या गळतात.

२. बी मोठी होते तेव्हा बोंडू अगदीच चिमुकला असतो. मग तयार झालं हे ओळखायचं कशावरून?

३. वाळलेली बी घरी फोडता येईल का? चीक अंगावर उठतो हे माहीत आहे.

४. बोंडू रसाळ असतो, पण खाल्ला की घसा धरतो. रस काढला तर काही तासांत काळपट पडतो आणि फसफसतो.

नेमकी मापं आणि कारणं सांगितलीत तर बरं होईल. "थोडंसं मीठ घाला" छापाची उत्तरं बरीच वाचून झाली आहेत.

---

परागकोश

दुसरा प्रश्न आधी घेतो.

काजूचं खरं फळ म्हणजे ती बी. बोंडू हा फुलाचा फुगलेला देठ. फळ धरलं की झाड आधी बी वाढवतं. साधारण महिन्याभरात ती हिरवीगार आणि इतकी मोठी होते की पुढे पक्व झालेली बी तिच्यापेक्षा लहान दिसावी. मग टरफल कडक व्हायला लागतं, बी किंचित आक्रसते, राखाडी रंगावर येते आणि त्याच सुमारास देठ झपाट्याने फुगू लागतो. फुलापासून पिकलेल्या बोंडूपर्यंत ढोबळमानाने दोन महिने धरा. त्यात बोंडूची बहुतेक वाढ अखेरच्या टप्प्यातली. हिरवी बी आकाराने मोठी दिसली म्हणून तोडली तर गर पाणचट निघतो, वाळवल्यावर सुरकुततो आणि त्याची तांबडी साल सुटत नाही.

बी हवी असेल तर बोंडू आपोआप पडू द्या आणि रोज वेचा. पडलेल्या बोंडूला जखम होतेच, त्यामुळे बोंडू खायचा असेल तर रंग पूर्ण चढल्यावर झाडावरून उतरवा. पक्व बोंडू जरा हलवला तरी देठाशी सुटतो. ओढावा लागला तर दोन दिवस थांबा.

बी पिरगळून वेगळी करा. बोंडूचा गर तिला चिकटून राहिला तर वाळवताना तिथेच बुरशी धरते. मग सगळ्या बिया पाण्यात टाका. भरलेली बी बुडते, पोकळ किंवा अपक्व तरंगते. तरंगणाऱ्या बाजूला काढा, त्यांच्यावर पुढची मेहनत वाया जाते. ताज्या बीत पंचवीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते आठ-नऊ टक्क्यांवर आणायचं. कडक उन्हात एका थरात पसरून, दिवसातून दोन-तीनदा परतून दोन ते चार दिवस लागतात. नखाने टरफलावर खूण उठली नाही आणि मूठभर बिया हलवल्यावर खडखडल्या की वाळल्या. रात्री उघड्यावर ठेवू नका, दवाने पुन्हा ओल धरतात.

आता मोहोर. काजूच्या तुऱ्यात नर फुलं आणि उभयलिंगी फुलं मिसळलेली असतात आणि नर फुलंच कितीतरी जास्त. फळ फक्त उभयलिंगी फुलाला. त्यातही धरलेल्या फळांपैकी बरीच कोवळी असताना झाड स्वतःच गाळतं. शेकडो फुलांच्या तुऱ्यावर चार-पाच बिया पिकल्या तर ते चांगलं पीक समजावं. म्हणजे तुमच्या एक-दोन बिया कमी आहेत खऱ्या, पण मोहोराकडे बघून मनात जो आकडा येतो तो मुळातच चुकीचा असतो.

काजूचे पराग चिकट असतात, वाऱ्यावर फारसे जात नाहीत. मधमाश्या, माश्या आणि मुंग्या हे काम करतात. फुलं सकाळी उमलतात आणि किड्यांची ये-जा त्याच वेळी जास्त असते. मोहोर उमललेला असताना सकाळी कीटकनाशक फवारलं तर पीक स्वतःच्या हातानेच कमी केलं असं समजा. फुलोऱ्यात पाऊस झाला किंवा बरेच दिवस ढगाळ हवा राहिली तरी फळधारणा घटते. त्यावर उपाय नाही.

---

पालवीपहारा

वरचं सगळं मान्य, पण काळे खोलगट डाग आणि जागोजागी वाळलेले तुरे ही झाडाने केलेली गळ नव्हे. हा ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो बग.

ओळख: डासासारखा सडपातळ, तांबूस-काळा, मिशा लांब, पाठीवर टाचणीसारखा उभा काटा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी कोवळ्या शेंड्यांवर, मोहोराच्या देठांवर आणि हिरव्या बियांवर सापडतो. दुपारी शोधू नका, पानाआड जातो. नुकसान रस शोषल्यामुळे होतं त्याहून जास्त त्याच्या लाळेमुळे होतं. सोंड खुपसली तिथे आधी पाणीदार ठिपका, एखाद्या दिवसात तपकिरी, मग ठिपके एकमेकांत मिसळून देठ वाळतो. मेलेल्या भागात पुढे बुरशी शिरते आणि सगळेजण करपा म्हणून बुरशीनाशक मारत बसतात. भिंग असेल तर मोहोराचा देठ पाहा: अंडं आत खुपसलेलं असतं आणि त्याचे केसासारखे दोन तंतू तेवढे बाहेर दिसतात.

कीड मोहोरावर अचानक येत नाही. पावसाळ्यानंतरच्या नव्या पालवीवर ती वाढते आणि तिथून मोहोरावर सरकते. म्हणून पाहणी पालवीपासून हवी. फवारणीचे नेहमीचे तीन टप्पे असतात: पालवी फुटताना, मोहोर बाहेर पडताना, आणि बी वाटाण्याएवढी झाल्यावर. लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के असेल तर लिटरला ०.६ मिली. मात्र प्रत्येक टप्प्याला तेच औषध मारू नका, आणि डबीवरची फवारणी ते काढणी ही मुदत पाळा. एकाच झाडाचे बोंडू खायचे असतील तर माझ्या मते तिसरी फवारणी टाळावी आणि पहिल्या दोन वेळेवर कराव्यात. वेळ संध्याकाळची. शेंडे आणि मोहोर भिजले पाहिजेत, खोडाला आंघोळ घालून उपयोग नाही.

झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर त्या मारू नका. चावतात, काढणीला त्रास देतात, पण ढेकण्यावर त्यांच्याइतका चोख पहारा दुसरा नाही. जवळ पेरू किंवा कडुनिंब असेल तर त्याचेही कोवळे शेंडे पाहा, ही कीड तिथेही राहते.

आणि न विचारलेली एक गोष्ट. वर्षातून निदान चार-पाच वेळा वाकून बुंधा पाहत जा. बुंध्याशी बारीक भोकं, भुसा आणि डिंक दिसला तर खोड आणि मूळ पोखरणारी अळी आहे. सुरुवातीला पटाशीने साल काढून, भोकाचा माग घेत अळी बाहेर काढता येते. नंतर जखमेवर आणि जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत डांबर आणि रॉकेल १:२ या प्रमाणात लावतात. सालीचा निम्म्याहून जास्त घेर पोखरला गेला की झाड सहसा वाचत नाही. तेव्हा ते मुळासकट काढून तिथून हलवा, नाहीतर त्यातले भुंगे शेजारच्या काजूवर जातात. मोहोर झाडभर पण पानं पिवळी, असं चित्र दिसलं तर आधी बुंधाच बघा.

---

झटपट

बी फोडायला एवढं काय? ओव्हन २०० अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं, बाहेर काढायच्या, हातोडीने फोडायच्या.

---

टरफल

@झटपट, हे करू नका आणि कुणाला सांगूही नका.

काजूच्या टरफलाला बाहेर एक कडक थर, आत एक कडक थर आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. त्या जाळीत तेल भरलेलं असतं. बीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त तेलच असतं असं धरायला हरकत नाही. त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतात. बिब्बा उततो तो अशाच जातीच्या द्रव्यांमुळे, आणि काजू, बिब्बा, आंबा हे सगळे एकाच कुळातले. २०० अंशांना हे तेल टरफलातून बाहेर फुटतं, उडतं, पेटतं. धूर डोळ्यांत आणि घशात गेला तर जळजळ कित्येक तास राहते. बंद स्वयंपाकघरात हे घडलं तर घर सोडून बाहेर पडावं लागेल. शिवाय ओव्हनच्या भिंतींना बसलेलं तेल पुढच्या प्रत्येक पदार्थाला लागेल.

मूठ-दोन मूठ बियांसाठी दोन रस्ते आहेत.

भाजून. फक्त उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. टाकून द्यायच्या लायकीचा पत्रा किंवा भोकं पाडलेलं पसरट भांडं घ्या. भांडं लांब दांड्याचं, बिया एका थरात, हलवायला लांब काठी. आधी तेल सुटून चरचरतं, मग पेट घेतं. पेटल्यावर मिनिट-दोन मिनिटं हलवत राहायचं आणि टरफल बाहेरून काळं पडून फेसाळलं की सगळं जमिनीवर ओतून त्यावर राख किंवा कोरडी माती टाकायची. उशीर झाला तर गर करपतो, घाई झाली तर टरफल चिवट राहतं आणि फोडताना तेल गराला लागतं. राखेत घोळलं की वरचं उरलेलं तेल शोषलं जातं. मग बी उभ्या कडेवर धरून लाकडी ठोकळ्याने हलका ठोका. यात अख्खे गर कमी मिळतात आणि रंग एकसारखा येत नाही. गरम बी तेलाची पिचकारी मारते, म्हणून चष्मा, हातमोजे आणि लांब बाह्यांचे कपडे घाला.

वाफवून. मला हाच रस्ता पटतो, कारण तेल टरफलातच राहतं. वाळलेल्या बिया आकाराप्रमाणे दोन-तीन ढिगांत वेगळ्या करा. मग चाळणीवर ठेवून झाकणाच्या भांड्यात वाफ द्या, साधारण अर्धा ते पाऊण तास. रोजचा कुकर यासाठी वापरू नका, भांडं वेगळंच ठेवा. मग पसरून रात्रभर गार होऊ द्या. इथे घाई केली तर गर मऊ असतो आणि पात्याखाली चिरडतो. गार झाल्यावर हाताने दाबायच्या काजू कटरने फोडा. दोन पात्यांमधली फट गराएवढी हवी. आकाराचे ढीग याचसाठी केले: मोठ्या बीला लावलेली फट लहान बीला लावली तर टरफल नुसतं दाबलं जातं, आणि उलट केलं तर गराचे दोन तुकडे. दर काही बियांनंतर पाती पुसा.

निघालेला गर तांबड्या सालीसकट ७० अंशांच्या आसपास सहा ते आठ तास सुकवायचा. इथे ओव्हन चालतो, कारण टरफल आता नाही. पाणी पाच टक्क्यांखाली गेलं की गर किंचित आक्रसतो आणि साल सुटी होते. गार करून बोटांनी चोळा, राहिलेली साल बांबूच्या पातळ काडीने काढा. चाकूने खरवडलेला गर डागाळतो. ज्या गराला टरफलाचं तेल लागलं असेल, म्हणजे तपकिरी तेलकट ठिपका असेल, तो सरळ फेकून द्या. तोंडात फोड येतात.

एक किलो वाळलेल्या बीतून किती गर? बीपासून वाढलेल्या झाडाचं सांगता येत नाही, बऱ्याचदा २०० ते २५० ग्रॅम. निवडलेल्या जातींत हे प्रमाण बरंच वर जातं: वेंगुर्ला-४ मध्ये ३१ टक्के, वेंगुर्ला-७ मध्ये ३०.५ टक्के, आणि या दुसऱ्या जातीची एक बी सुमारे १० ग्रॅमची.

हातांसाठी: रबरी हातमोजे, त्यांच्या आत हाताला खाण्याचं कुठलंही तेल. टरफलाचं तेल लागलंच तर आधी पाणी नको. कापडाने टिपा, खाण्याच्या तेलाने पुसून काढा, मग साबण. फोड आले, डोळ्यात गेलं किंवा चेहरा सुजला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जा. ज्यांना बिब्बा किंवा आंब्याचा चीक उततो त्यांनी हे काम करूच नये. काजूगर खाऊन येणारी अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट, ती गरातल्या प्रथिनांची असते. ती असेल तर पिस्त्याबाबतही सावध राहावं लागतं.

---

रानवाट

@टरफल, ओव्हनचा विचार रद्द. उरलेल्या टरफलाचं काय करायचं? चुलीत चालेल?

---

टरफल

ज्या आगीवर काही शिजणार आहे तिच्यात नको. धूर तोच, त्रासही तोच. कारखान्यांत या टरफलातून तेल काढतात. ते तापवलं की अ‍ॅनाकार्डिक आम्लाचं कार्डॅनॉल होतं आणि ते ब्रेकच्या अस्तरांत, रंगांत, राळेत जातं. घरच्या मूठभर टरफलांसाठी खड्डा खणा, झाडाच्या मुळांपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर. पाळीव जनावरांना तिथे तोंड घालू देऊ नका.

---

रसिका

बोंडू राहिला. घसा धरतो तो टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, तोंड कोरडं आणि खरखरीत होतं. तुरटपणा घालवायचा म्हणजे टॅनिनला चिकटायला दुसरं काहीतरी द्यायचं, किंवा ते धुऊन काढायचं. साखरेने ते झाकलं जातं, जात नाही. पिवळे बोंडू कमी तुरट, लाल जास्त, असं सरसकट म्हणतात. प्रत्येक झाडाला ते लागू पडत नाही, म्हणून चाखूनच ठरवा.

नुसता खायचा तर: पूर्ण पिकलेला, त्याच दिवशी उतरवलेला. बी काढल्यावर देठाकडचा आणि बीकडचा भाग बोटभर कापून टाका. चकत्या मिठाच्या पाण्यात ठेवा, लिटरला २० ग्रॅम मीठ. हेच पाणी उकळून त्यात तुकडे चार-पाच मिनिटं ठेवले आणि मग साध्या पाण्याने धुतले तर तुरटपणा बराच जातो. तुकडे मऊ पडतात, पण मुरंबा किंवा पाकवलेले तुकडे करायचे असतील तर तेच हवं. नुसती वाफ पाच ते दहा मिनिटं दिली तरी चालतं.

रसासाठी साबुदाणा वापरा. एक लिटर रसाला ५ ग्रॅम. साबुदाण्याची पूड करून अगदी थोड्या पाण्यात शिजवायची, पारदर्शक पेज झाली की गार करायची आणि गाळलेल्या रसात ढवळत मिसळायची. भांडं झाकून गार जागी न हलवता बारा तास ठेवायचं. टॅनिन गाळ होऊन तळाशी बसतं, वर फिकट नितळ रस राहतो. तो अलगद ओतून घ्या, गाळ हलवू नका. गरम पेज घालणं ही नेहमीची चूक, गाळ बसतच नाही. साबुदाणा जास्त घातला तर रस गढूळ राहतो.

काळपट पडण्याची दोन कारणं. एक म्हणजे लोखंड: टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा रंग येतो. विळी, लोखंडी किसणी, तवा, काही नको. स्टेनलेस स्टीलची सुरी आणि काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. दुसरं म्हणजे हवा: कापलेला बोंडू उघडा राहिला की तपकिरी होतो. कापून लगेच पिळा आणि रसात लिंबू घाला. कपड्यावर पडलेला डाग जात नाही, जुने कपडे घाला.

फसफसण्याचं कारण सालीवरची रानटी यीस्ट. बोंडूत साखर भरपूर आणि साल अगदी पातळ, त्यामुळे उष्ण हवेत पडलेला बोंडू एका दिवसात आंबतो. म्हणून बारा तासांची निथळ फ्रीजमध्येच करा. नितळ रस मग ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच उकळलेल्या बाटलीत भरा. उकळी फुटू देऊ नका. बोंडूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, ते उष्णतेने कमी होतं आणि चवही शिजल्यासारखी होते. बाटली उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा.

बी काढताना तिचा चीक बोंडूला लागू देऊ नका. घसा जळतो तेव्हा दर वेळी टॅनिनच दोषी असतं असं नाही.

---

पालवीपहारा

@रसिका, शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पक्व बी पिरगळली तर चीक येत नाही, सुरीने कापली तर येतो.

---

परागकोश

खताचं कुणी लिहिलं नाही. पाच वर्षांपुढच्या झाडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, १२५ ग्रॅम स्फुरद, १२५ ग्रॅम पालाश ही शिफारस सर्रास वापरतात. म्हणजे अंदाजे १.१ किलो युरिया, ७८० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २१० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दोन हप्त्यांत, पावसाळ्याच्या आधी आणि अखेरीस, जमिनीत ओल असताना. खोडापासून दीड मीटरवर वीतभर रुंद, अर्धी वीत खोल चर काढून त्यात घाला आणि बुजवा. बुंध्याशी टाकलेलं खत अन्न घेणाऱ्या मुळांपर्यंत पोचत नाही. मोहोर आल्यावर युरिया देऊ नका, नवी पालवी फुटते आणि ढेकण्याला ताजी मेजवानी मिळते.

खालच्या फांद्या जमिनीला टेकल्या तर कापा. काजूची फांदी मातीला लागली की मुळं धरते. ब्राझीलमध्ये नाताल शहराजवळ पिरांजी इथलं काजूचं झाड असंच पसरत सुमारे ८,५०० चौरस मीटरवर गेलं आहे. बघायला छान, पण त्याच्याखाली बी वेचायची कल्पना करा.

---

रानवाट

मोहोराच्या देठात दोन तंतू सापडले, त्यामुळे ढेकण्या नक्की. आणखी एक झाड लावायचं तर याच झाडाची बी चालेल का?

---

परागकोश

रुजेल, पण मूळ झाडासारखं निघेलच असं नाही. परागीकरण बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागाने झालेलं असतं, त्यामुळे बीचा आकार, बोंडूचा रंग आणि तुरटपणा सगळंच बदलू शकतं. फळासाठी कलम घ्या, ते दोन-तीन वर्षांत धरतं. बी पेरायचीच असेल तर कलमाच्या खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपासाठी पेरा: त्याच हंगामातली, पाण्यात बुडणारी, मध्यम वजनाची बी घ्या. एक दिवस-रात्र पाण्यात भिजवा आणि देठाची बाजू वर ठेवून अडीच सेंटिमीटर खोल लावा. उलटी लावली तर कोंब वळसा घालून वर येतो आणि मानेशी वाकडा राहतो. साधारण पंधरा ते वीस दिवसांत उगवते. दीड-दोन महिन्यांचं रोप मृदुकाष्ठ (कोवळ्या खोडावरच्या) कलमाला योग्य. त्यावर बांधायची काडी निरोगी, भरपूर फळणाऱ्या झाडाची, पेन्सिलएवढी जाड, दहा-बारा सेंटिमीटर लांब आणि टोकाचा डोळा फुगलेला हवा. काडी कापण्याच्या आठवडा-दहा दिवस आधी तिची पानं छाटा, देठं तेवढी ठेवा. देठं गळून पडायला लागली की काडी तयार, कापल्यावर ओल्या कापडात गुंडाळून त्याच दिवशी कलम बांधा.